दहा रुपयांचा दंड

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातला सर्वांत गाजलेला दंड दहा रुपयांचा आहे. 1905 साली फर्ग्युसन कॉलेजने तो विनायक दामोदर सावरकर नावाच्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला केला आणि होस्टेलमधून त्याचं नावही काढलं. कारण, दसऱ्याच्या सुमारास लकडी पुलापलीकडे पेटवलेली परदेशी कपड्यांची होळी. त्या होळीपाशी टिळक बोलले, ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे बोलले. दंड ठोठावणारे प्राचार्यही परांजपेच, पण रघुनाथ पुरुषोत्तम. केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन आलेले, तिशीही न उलटलेले. एका परांजप्यांनी मुलांना आगीपाशी उभं केलं आणि दुसऱ्या परांजप्यांनी त्यांच्याकडून दंड घेतला, असा विनोद पुण्यात तेव्हा कुणी केला नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

टिळकांनी ‘केसरी’त ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ असा मथळा देऊन प्राचार्यांसारख्यांची झडती घेतली. पुढे तो मथळाच इतिहासात राहिला आणि रँग्लरसाहेब कायमचे खलनायक ठरले. मी कॉलेजात इतिहास शिकवायचे तेव्हा वर्गात हा प्रसंग आला, की मुलं ठरल्याप्रमाणे एका बाजूला उभी राहायची. मी मात्र त्यांना एक वेगळा प्रश्न विचारायचे. दंड कोणाच्या भीतीने झाला? इंग्रज सरकारच्या, असं उत्तर तयार असायचं. ते पुरतं खरं नाही. विद्यार्थ्यांना राजकारणापासून लांब ठेवण्याचा सरकारी बडगा त्या महिन्यात उगारला गेला होता तो बंगालमध्ये. रँग्लर परांजपे नेमस्त होते, विद्यार्थ्याने आधी शिकावं आणि मग चळवळ करावी असं मनापासून मानणारे होते. गोखल्यांचाही सूर साधारण हाच होता. सरकारी अनुदान घेणारी, पण देशी माणसांनी कष्टाने उभी केलेली ती संस्था होती. ती जपायची तर विद्यार्थी आवरला पाहिजे, हे त्यांचं गणित होतं. गणित चुकीचं होतं की बरोबर, यावर वाद घालता येतो. पण नियमाने कोणाला जपलं, हे स्पष्ट आहे. संस्थेला.

होस्टेलच्या रेक्टरची खुर्ची आणि शिस्तपालन समितीतली जागा माझ्याकडे बरीच वर्षं होती. त्यामुळे नियमांचा इतिहास मी याच प्रश्नाने वाचत आले. नियम नेहमी विद्यार्थ्याच्या वर्तनाबद्दल बोलतो, पण तो राखण करत असतो वेगळ्याच कशाची तरी. कशाची, ते शिक्षेकडे पाहिलं की कळतं.

फर्ग्युसनच्या आधीचं मुंबईतलं उदाहरण घ्या. महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टनमध्ये शिकत असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची तुलना इंग्रजी अमलाशी केली आणि ती इंग्रजांना मानवणारी नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट. त्यांना हा मुलगा फार हुशार वाटत होता, तरीही त्यांनी त्याची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालेलं, म्हणजे अजून दात यायचे होते. पहिल्यावहिल्या पदवीधरांमधल्या एकाला विद्यापीठाच्या शहरात मिळालेली ही शिक्षा वर्गात दंगा केल्याची नाही, परीक्षेत नक्कल केल्याचीही नाही. उत्तर लिहिल्याची आहे. आणि शिक्षेचं हत्यार पैसा आहे. ज्याला शिष्यवृत्तीवर जगायचं आहे त्याच्या ताटाला हात लावला की झालं, वेत लागत नाही.

बंगालमध्ये हेच हत्यार आकाराने मोठं झालं. फाळणीविरोधी चळवळीत शाळा-कॉलेजांची मुलं उतरली, तेव्हा ऑक्टोबर 1905 मध्ये बंगाल सरकारचे कार्लाइल यांचं परिपत्रक निघालं. त्याचा रोख पोरांवर नव्हताच, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तो शाळांवर आणि मास्तरांवर होता. मुलं सभांना, पिकेटिंगला गेली तर अनुदान जाईल, मुलांना शिष्यवृत्त्यांना बसता येणार नाही, विद्यापीठाला संलग्नता काढायला सांगितलं जाईल. पाठोपाठ पूर्व बंगालमध्ये लायन यांच्या परिपत्रकाने रस्त्यात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. 1907 साली रिस्ले यांच्या परिपत्रकाने हे धोरण सगळ्या प्रांतांकडे पाठवलं. इथे शिक्षेची साखळी पाहण्यासारखी आहे. सरकार संस्थेला धमकावतं, संस्था मास्तरला, मास्तर मुलाला. तळाशी मुलाला जी शिक्षा होते तिच्यावर सही हेडमास्तरची असते, सरकारची नसते.

ही साखळी उलटी फिरल्याचंही एक उदाहरण आहे आणि ते मला फार आवडतं. पूर्व बंगाल आणि आसामचे लेफ्टनंट गव्हर्नर बॅम्फील्ड फुलर यांनी सिराजगंजच्या दोन शाळांची संलग्नता काढून घ्या, असं कलकत्ता विद्यापीठाला कळवलं. हिंदुस्थान सरकारला ते जास्त झालं असं वाटलं आणि त्यांनी फुलरना मागणी मागे घ्यायला सांगितलं. फुलर हट्टाला पेटले, राजीनामा पुढे केला आणि तो 1906 साली स्वीकारलाही गेला. पोरांच्या शिस्तीवरून एका प्रांताचा प्रमुख घरी गेला.

महाराष्ट्रात या परिपत्रकांना दिलेलं एक उत्तर म्हणजे राष्ट्रीय शाळा. विष्णु गोविंद विजापूरकरांचं तळेगावचं समर्थ विद्यालय त्यातलंच. सरकारी अनुदान नाही म्हणजे सरकारी चाबूक नाही, हा त्यामागचा साधा हिशेब. सरकारनेही साधाच हिशेब केला आणि 1910 साली विद्यालयच बंद पाडलं.

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात 1916 साली प्रा. ओटन यांना मारहाण झाली, त्यावरून सुभाषचंद्र बोसांना काढलं, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्यात कमी सांगितलं जातं ते असं की ज्या प्राचार्य जेम्स यांनी त्यांना काढलं, त्यांनाही सरकारने निलंबित केलं. आणि पुढच्या वर्षी सुभाषबाबू स्कॉटिश चर्च कॉलेजात दाखल झाले, कारण विद्यापीठात आशुतोष मुखर्जींसारखा माणूस होता. म्हणजे दार एका कॉलेजचं बंद झालं, विद्यापीठाचं कायमचं नाही. हा फरक लहान वाटतो, पण मुलाचं आयुष्य त्यावर ठरतं.

विद्यापीठाने स्वतःच दार लावलं तर काय होतं, तेही सावरकरांच्याच बाबतीत दिसतं. 1905 साली दंड भरून त्यांनी बी.ए.ची परीक्षा दिली, पासही झाले. पुढे लंडनला कायदा शिकले, पण ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टरची सनद दिली नाही. 1911 साली, जन्मठेप झाल्यावर, मुंबई विद्यापीठाने त्यांची बी.ए.ची पदवी काढून घेतली. ती 1960 साली परत मिळाली, तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. पदवी काढून घेण्याची तरतूद आजही महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यात आहे, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांसाठी. पण विचार करा, यात राखण कशाची होते? झालेलं शिक्षण कुणी काढून घेऊ शकत नाही. राखण होते विद्यापीठाच्या नावाची. आता योगायोग पाहा. 1956 ते 1959 या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते तेच रँग्लर परांजपे. आणि 1959 सालीच त्या विद्यापीठाने सावरकरांना सन्माननीय डी.लिट. दिली. दहा रुपयांच्या हिशेबाला इतकं व्याज लागलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मराठवाड्याच्या माणसाला मात्र फर्ग्युसनपेक्षा 1938 सालचं प्रकरण जवळचं वाटतं, आणि वाटायला हवं. निजामाच्या राज्यात नोव्हेंबर 1938 मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये आणि औरंगाबादच्या कॉलेजात मुलांनी प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. आधी होस्टेलला मनाई आली, मग होस्टेल सोडायला सांगितलं, मग वर्गात यायला बंदी, शेवटी नावं कमी केली. संख्या शेकड्यांत होती. माफी लिहून द्या आणि परत या, असा मार्ग ठेवला होता. पुष्कळांनी तो घेतला नाही. कोणी घेतला असेल तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. अठराव्या वर्षी वडिलांचं पत्र आल्यावर काय होतं, ते होस्टेलच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला माहीत असतं.

इथे नागपूरने जे केलं ते आपल्या विद्यापीठांच्या इतिहासात ठळक अक्षरात लिहायला हवं. एका विद्यापीठाने काढलेल्या मुलाला दुसऱ्याने घ्यायचं नाही, हा अलिखित शिष्टाचार. त्याच्या जोरावरच नाव कमी करण्याची शिक्षा चालते. नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या काळात, तो शिष्टाचार बाजूला ठेवला आणि हैदराबादच्या मुलांना प्रवेश दिला. निजामाच्या राज्यातल्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या आणि पुढे नागपूरला शिकलेल्या या मुलांत पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव नावाचा एक तेलुगू मुलगा होता. ते पुढे पंतप्रधान झाले. नागपूरला त्या वेळी हे ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं, की या मुलांनी गाणं म्हटलं आहे, चोरी केलेली नाही.

या मोठ्या नावांवरून एक गैरसमज होतो. शिस्तीचा इतिहास म्हणजे देशभक्तांचा छळ, असं वाटायला लागतं. बहुतेक शिस्त अशी नसतेच. माझ्या समितीपुढे एकही सावरकर आला नाही. आले ते जिमखान्यात मारामारी करणारे, होस्टेलच्या मेसमध्ये ताटं फेकणारे, ग्रंथालयातल्या पुस्तकांची पानं ब्लेडने कापणारे. आणि समितीपर्यंत फार कमी जण यायचे. खरी शिस्त समितीबाहेर, ऑफिसच्या खिडकीवर चालायची. हजेरी कमी असेल तर नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागायची. टर्म द्यायची की नाही ते प्राचार्य ठरवायचे. परीक्षेच्या फॉर्मवर सही लागायची आणि ती अडवता यायची. शेवटी लिव्हिंग सर्टिफिकेट. त्यातल्या वर्तणुकीच्या रकान्यात हेडक्लार्क शिक्का मारल्यासारखं ‘चांगली’ लिहायचे. ज्याच्यावर साहेबांचा राग असेल त्याचा रकाना थोडा वेळ रिकामा राहायचा, आणि तेवढ्यात मुलगा काकुळतीला यायचा. नियमांच्या पुस्तकात यातलं काहीही शिक्षा म्हणून छापलेलं नव्हतं.

मुलींच्या होस्टेलमध्ये भीतीचं ठिकाण आणखी वेगळं. मुलांच्या होस्टेलचं फाटक रात्री उशिरापर्यंत उघडं, मुलींचं दिवेलागणीनंतर लगेच बंद. आउटपास, लोकल गार्डियनची सही, रात्री बाहेर राहायचं तर घरून आलेलं पत्र, वहीत येण्याजाण्याची वेळ. प्रवेशाच्या दिवशी आईवडील सही करताना सगळ्यांत आधी फाटकाची वेळ विचारायचे, लायब्ररीची वेळ कुणी विचारलेली मला आठवत नाही. हा नियम मुलीच्या वर्तनासाठी आहे असं आम्ही सांगायचो. तो होता गावाकडे काय बोलतील यासाठी. दाराशी उशिरा पोचलेली मुलगी एसटी बंद पडली म्हणून आलेली असली तरी वहीत तिच्या नावापुढे लाल शाई लागायची. फाटकाच्या वेळेवरून मुलींनी भांडणं काढली, समित्यांना निवेदनं दिली, आणि कित्येक ठिकाणी वेळ पुढे सरकली. ती सरकली ती भांडल्यामुळे. कोणत्याही व्यवस्थापनाने आपण होऊन पुढे सरकवलेली माझ्या पाहण्यात नाही.

स्वातंत्र्यानंतर या सगळ्यात एक नवा माणूस शिरला, तो म्हणजे न्यायाधीश. त्याआधी प्राचार्याचा शब्द शेवटचा असायचा. उत्तर प्रदेशच्या बोर्डाने 1954 च्या परीक्षेत गैरप्रकार केल्याचा ठपका ठेवून तीन विद्यार्थ्यांचे लागलेले निकाल रद्द केले आणि पुढच्या परीक्षेलाही बसायला मनाई केली. त्यांचं म्हणणं काय, ते विचारलं नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1962 साली निकाल लागला. ज्याचं वर्ष जाणार, ज्याच्या नावाला बट्टा लागणार, त्याला शिक्षेआधी बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे, नियमात तसं लिहिलेलं नसलं तरी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजात आज जी ‘कारणे दाखवा’ नोटीस निघते आणि ज्या कागदाला आम्ही ‘खुलासा’ म्हणतो, त्याला कोर्टात वजन आलं ते अशा निकालांमुळे.

पण न्यायालयाने हे तत्त्व आंधळेपणाने ताणलं नाही. बिहारमध्ये शहाबाद जिल्ह्यातल्या एका केंद्राचा 1969 चा मॅट्रिकचा निकाल इतर केंद्रांच्या मानाने एवढा वर गेला, की बोर्डाने उत्तरपत्रिका तपासून सगळ्या केंद्राची परीक्षाच रद्द केली. मुलं म्हणाली, आम्हाला विचारलं नाही. 1970 साली सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी बोर्डाची बाजू उचलून धरली. एका मुलाला गुन्हेगार ठरवणं वेगळं आणि ज्या परीक्षेवर विश्वासच राहिला नाही ती पुन्हा घेणं वेगळं. हिदायतुल्ला स्वतः नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. परीक्षेच्या हॉलमध्ये काय काय चालतं, हे त्यांना वेगळं सांगायला लागलं नसावं. महाराष्ट्राने पुढे 1982 साली परीक्षांमधल्या गैरप्रकारांसाठी स्वतंत्र कायदाच केला. तोवर कॉपी हा कॉलेजचा मामला होता, त्यानंतर पोलिसांचाही झाला.

तिसरा निकाल मला समितीत सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. रांचीच्या मेडिकल कॉलेजात 1972 साली एका रात्री काही विद्यार्थी मुलींच्या होस्टेलच्या आवारात घुसले आणि त्यांनी अत्यंत हिडीस प्रकार केला. मुलींनी सह्या करून तक्रार दिली. प्राध्यापकांच्या समितीने मुलींचे जबाब मुलांच्या अपरोक्ष घेतले, इतर मुलांच्या फोटोंत मिसळून फोटो दाखवले, ओळख पटवली आणि मग मुलांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकलं. दोन वर्षांसाठी त्यांना काढलं. त्यांची तक्रार अशी, की मुलींची उलटतपासणी करू दिली नाही. 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पाळेकर, मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता. समोरासमोर जबाब घेतले असते तर एकही मुलगी बोलली नसती, आणि नंतर त्याच आवारात तिला वावरायचं होतं. आरोप काय, पुरावा कशा स्वरूपाचा, हे मुलाला कळलं पाहिजे, त्याला बोलू दिलं पाहिजे. पण कॉलेजच्या समितीचं सेशन्स कोर्ट करायची गरज नाही.

शंभर वर्षांच्या नियमांमध्ये या निकालात प्रथमच मला राखण विद्यार्थ्याची होताना दिसते. संस्थेच्या नावाची नाही, अनुदानाची नाही, आईवडिलांच्या लाजेचीही नाही. तक्रार करणाऱ्या मुलीची.

रॅगिंगच्या कायद्याने हीच दिशा पक्की केली. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा 1999 चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. दोषी ठरून काढलेल्या मुलाला पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही, म्हणजे नागपूरने 1938 साली मोडलेला शिष्टाचार इथे कायद्याने परत आला, या वेळी योग्य कारणासाठी. पण मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं कलम विद्यार्थ्यासाठी नाही, प्राचार्यासाठी आहे असं वाटतं. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करायची, आणि डोळेझाक केली तर प्रमुखालाही गुन्ह्याला साथ दिल्याबद्दल जबाबदार धरायचं. ‘आमच्याकडे असलं काही होत नाही’ हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकलेलं आहे. ते वाक्य या कायद्याने महाग केलं. पुढे 2009 साली हिमाचलमधल्या एका मेडिकल कॉलेजात रॅगिंगमुळे विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. तेव्हापासून दरवर्षी मुलाकडून आणि पालकांकडून प्रतिज्ञापत्र घेतलं जातं. मुलं ते न वाचता सही करतात, पालकही. तरी रेकॉर्डला कागद असतो.

आता जूनमध्ये प्रवेश घेताना मुलांच्या हातात माहितीपुस्तिका पडते किंवा मोबाइलवर येते. त्यात शेवटी आचारसंहिता असते. ओळखपत्र गळ्यात घाला, 75 टक्के हजेरी लावा, व्हरांड्यात घोळका करू नका, परवानगीशिवाय सभा घेऊ नका. मनाई कशाकशाची, याची यादी भरघोस असते. ती चाळायला हरकत नाही. पण माझ्याकडे सल्ला मागायला आलेल्या पालकांना मी दुसरंच पान शोधायला सांगते. शिक्षा करण्याआधी कॉलेजने काय करायचं ते त्यात लिहिलंय का? आरोप लेखी देणार का, खुलाशाला किती दिवस, समितीत कोण, निर्णयाविरुद्ध कुणाकडे जायचं, विद्यापीठाच्या तक्रार निवारण कक्षाचा आणि लोकपालाचा पत्ता काय. हे पान असेल तर बाकीचे नियम कितीही कडक असोत, मुलगा सुरक्षित आहे. ते नसेल, तर व्हरांड्यात उभं राहण्याचा नियमसुद्धा कुणाच्या तरी हातात दहा रुपयांची पावती होऊ शकतो.